नर सापडेपर्यंत

वीरधवलने हेकळीच्या झुडपावरची पानाची शेवटची वाळकी सुरळी खुडली, पिशवीत टाकली आणि बांधावरून खाली उडी मारली. उद्या भार्गवी मॅडम यायच्या होत्या. त्याआधी झुडूप साफ व्हायला हवं होतं.

साफ म्हणजे सगळंच नव्हे. हिरव्या सुरळ्यांना त्याने बोटही लावलं नव्हतं.

घरी येऊन त्याने पिशवी चुलीत रिकामी केली. पानं चरचरली. हरणाबाई, त्याची आई, भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझी किड्याची बाई उद्या येणार न्हवं?"

"व्हय."

"तिला त्यो नर घावला का रं?"

"न्हाई अजून."

"घावंल की. तूबी जरा नीट बघत जा. एवढी सांगलीस्नं येती बिचारी."

वीरधवलने लाकडं पुढे सारली.

भार्गवी सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. लग्न केलेलं नव्हतं. घरी अंथरुणाला खिळलेले वडील. त्र्याण्णव साली ती म्हसवडच्या या माळावर पहिल्यांदा आली, ती फुलकिडे शोधत. हे किडे हेकळीच्या पानात शिरले की पान आतल्या आत वळतं, त्याची सुरळी होते आणि तिच्यात त्यांचा संसार सुरू होतो. वीरधवलच्या बांधावर तिला जो फुलकिडा मिळाला, तो कुठल्याच पुस्तकात नव्हता. तिळाहूनही बारीक, काळा, शेपटाकडे निमुळता. अगदी नवी जात.

"मग द्या की नाव," वीरधवल तेव्हा म्हणाला होता. तो नुकताच लष्करातून पेन्शनीवर आला होता. बायको त्याआधीच गेलेली.

"एवढ्यात नाही देता यायचं. या सगळ्या माद्या आहेत. नर मिळाला की दोघांचं वर्णन एकदम छापता येईल. नर असलाच, तर जुन्या, वाळलेल्या सुरळीत असेल."

"आन छापलं की?"

"की इथलं काम संपलं."

ती गेली आणि माळ एकाएकी फार मोठा वाटायला लागला. वीरधवलने बर्फात चौक्या राखल्या होत्या, एकटेपणाची त्याला सवय होती. पण कुणी आपल्याकडे यावं म्हणून वाटेकडे डोळे लावून बसणं, हे त्याला नवं होतं.

पुढच्या साली सिद्धनाथाची यात्रा झाली आणि मागोमाग ती एसटीतून उतरली. मग दर साली तसंच. दोन दिवस राहायची. रात्री हरणाबाईशेजारी झोपायची, दिवसभर बांधावर. तो फांदी धरायचा, ती पांढऱ्या कागदावर पान झटकायची आणि ओल्या कुंचल्याने किडा उचलायची. बोलणं फारसं नसायचं. ती वडिलांच्या दुखण्याचं सांगायची, तो जम्मूकडचं काहीबाही सांगायचा. फांदी धरून हात भरून यायचा, तरी तो सोडायचा नाही.

मध्ये एकदा तिने झुडपाच्या उघड्या देठांवरून बोट फिरवलं होतं.

"शेळ्या फार झाल्यात का हो इकडे?"

"लय झाल्यात," तो म्हणाला होता.

तिने पुढे काही विचारलं नाही. यंदाही नर नाही म्हणून सांगताना ती कधी हिरमुसलेली दिसायची नाही. शिकलेली माणसं असलं तोंडावर दाखवत नसावीत, अशी त्याने आपली समजूत घातली होती.

या खेपेला ती एसटीतून उतरली, तेव्हा तिच्या हातात नळ्यांची पेटी नव्हती. भिंगही नव्हतं. घरी आल्यावरही ती बांधाकडे निघाली नाही. हरणाबाई चहा देऊन म्हशीची धार काढायला गेली.

"वीरधवलराव," भार्गवी म्हणाली, "वर्णन छापून आलं."

"तुमचं?"

"नाही. विजापूरकडे आणखी कुणाला तरी तोच किडा मिळाला. त्यांनी छापलं, नाव दिलं. जो आधी छापेल, त्याचंच नाव राहतं."

"मग तुमची एवढी सालं?"

"गेली."

ती बाहेर बघत होती. माळावर ऊन चढत होतं. वीरधवलच्या हातातला चहा निवला. एवढी हुशार बाई. उन्हातान्हात वणवण केली आणि पदरात काय पडलं? तेही कुणामुळे? गप्प राहिलो तर ही आज निघून जाईल, सांगितलं तरी निघून जाईल. मग सांगूनच टाकलेलं बरं.

"मॅडम, तुमचं वाटुळं मी केलं."

तिने मान वळवली.

"त्या वाळल्या सुरळ्या मी तोडत हुतो. दर साली, तुमी यायच्या आधी. चुलीत घालत हुतो. नर त्यातच असणार. माझ्यापायी तुमचं नाव गेलं."

"का तोडत होतात?"

पन्नाशीला आलेला गडी, पोरासारखा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला.

"त्यो घावला असता," शेवटी तो म्हणाला, "तर तुमी परत कशाला आला असता?"

भार्गवीने हातातला कप खाली ठेवला. गोठ्यातून दुधाच्या धारांचा आवाज येत होता.

"वीरधवल," ती म्हणाली, "नर मला पहिल्याच वर्षी मिळाला होता."