डावा पर

टेबलावर पाच बरण्या ओळीने ठेवल्या होत्या. स्पिरिटात बुडवलेले बोटाएवढे चंदेरी मासे, आणि प्रत्येक बरणीवर कोरं करकरीत लेबल: नवं तळं, यंदाचा मार्च.

"म्हणजे दलदलीतला हा मासा तुमच्या नव्या तळ्यात रुजला," अधिकारी म्हणाले. "तसं असेल तर दलदल बुजवायला माझी हरकत नाही. आजच सही करतो."

"रुजला काय म्हणता साहेब, पोरंबाळं झाली त्याला!" संचालक हसले. तळं त्यांच्याच सल्लागार कंपनीने खोदून घेतलं होतं आणि अहवालही त्यांचाच होता. तो तपासायला बाहेरून नेमलेली मत्स्यशास्त्रज्ञ समोर चहा पीत बसली होती. नऊ वर्षांपूर्वी ती याच माणसाच्या हाताखाली होती. कमरेएवढ्या चिखलात तीन पावसाळे उभी राहून तिने त्या दलदलीत हा मासा शोधला. शोधनिबंधावर नाव यांचं लागलं आणि तिला नारळ मिळाला. तेव्हापासून ती त्यांना पाण्यात पाहत होती, आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती.

संचालकांचं लक्ष तिच्या कपाकडे गेलं. "अजून डाव्या हातानेच का गं? साहेब, ही आमची जुनी डावरी. हिला सरळ काही जमायचंच नाही."

अधिकारी कसनुसं हसले. तीही हसली, अगदी मनापासून. अकरा दिवस ती या सकाळची वाट बघत होती.

"माझे दोनच प्रश्न आहेत, सर," कप खाली ठेवत ती म्हणाली. "हे मासे नव्या तळ्यातलेच?"

"माझ्या डोळ्यांदेखत जाळ्यात आलेत."

"तपासणीसाठी प्रत्येकाचा पर कापलाय. तो कोणी कापला?"

"मीच. मी काय फक्त खुर्चीत बसतो असं वाटलं तुला? हे काम मी दुसऱ्या कोणावर सोडत नाही."

"तेवढं लिहून द्याल?"

त्यांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं, खिशातून जाड पेन काढलं, दोन ओळी लिहिल्या आणि खाली झोकदार सही ठोकली. तिने कागद उचलून अधिकाऱ्यांसमोर ठेवला. मग पहिली बरणी उघडून मासे पांढऱ्या ट्रेमध्ये ओतले, चिमट्याने सगळ्यांची पोटं वर केली आणि भिंग अधिकाऱ्यांच्या हातात दिलं.

"साहेब, पोटाखाली हे दोन पर दिसतात ना? मासा स्पिरिटात घालण्याआधी त्यातल्या एकाचा तुकडा काढून ठेवायचा असतो. तो उजव्याचा काढतात. डावी बाजू फोटोसाठी अखंड राखायची. सगळीकडे हीच रीत. मला सरांनीच शिकवली."

"आणि पुन्हा पुन्हा शिकवली," संचालक म्हणाले.

अधिकारी ट्रेवर वाकले. एक मासा, दुसरा, तिसरा. "हे तर सगळे डावीकडून कापलेत."

"दुसरी बरणी बघा."

दुसरीतही तेच. तिसरी बरणी त्यांनी स्वतःच उघडली.

डाव्या हातात कात्री धरली की ती मासा उलट्या बाजूने ठेवायची आणि दर वेळी डावाच पर कापला जायचा. त्यावरून भर प्रयोगशाळेत तिने किती बोलणी खाल्ली होती! तिची नोकरी गेली, पण दलदलीतल्या माशांच्या तिच्या बरण्या कंपनीच्या गोदामात राहिल्या. संचालक म्हणजे आयत्या बिळावरचे नागोबा. त्यांनी जुनी लेबलं खरवडली, नवी चिकटवली, स्पिरिटसुद्धा ताजं भरलं. माशांकडे मात्र त्यांनी तेव्हाही नीट पाहिलं नव्हतं आणि आताही नाही.

अधिकाऱ्यांनी भिंग खाली ठेवलं. बशीच्या डाव्या बाजूला वळलेल्या कपाच्या कानाकडे त्यांनी बघितलं, मग तिच्या डाव्या हातातल्या चिमट्याकडे.

"दलदलीला कोणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. परवानगीचा कोरा कागद त्यांनी फाडला, सहीचा कागद घडी न घालता फाइलमध्ये ठेवला आणि फाइल काखेत मारून वरिष्ठांना फोन करायला बाहेर गेले.

खोलीत दोघंच उरली. संचालकांनी आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

"ताई," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला ताई कधी म्हटलं नव्हतं. "ताई, लेबलांचा घोळ झाला म्हणून सांगू. एवढं सांभाळून घ्या. त्या कागदावर माझी सही आहे हो."

"आहे ना."

"बरण्या तुमच्याकडे कधी आल्या?"

"अकरा दिवस झाले."

"आणि कळलं कधी?"

"पहिलं झाकण उघडलं तेव्हाच. स्वतःचं काम ओळखायला कितीसा वेळ लागतो?"

"मग त्याच दिवशी मला एक फोन करायचा होता! मी गुपचूप अहवाल मागे घेतला असता. दलदलही वाचली असती, आणि मीही."

"म्हणून तर नाही केला," ती म्हणाली, आणि ट्रेमधले मासे एकेक करून बरणीत परत ठेवू लागली.