खोडलेलं नाव

आयुष्यातल्या शेवटच्या सकाळी माझे वडील, अण्णा, दाढी करून वाट बघत बसले होते. आमच्या घराण्याची वंशावळ वहीत लिहून ठेवणारे मल्लप्पा हेळवी अक्कलकोटहून येणार होते.

‘गोदे, थांब की. तूबी बस,’ अण्णा म्हणाले.

‘कशाला? त्या वहीत मुलींची नावं नसतातच,’ म्हणत मी चप्पल घातली. अण्णांना मुलगा हवा होता, हे मी त्यांना कधीच न विचारता धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा गेले.

बाराव्याला मल्लप्पा पुन्हा आले. मी चटई घातली, चहा दिला. अण्णांची तारीख लिहायला त्यांनी वही उघडली. सात पिढ्यांची नावं जागच्या जागी होती. अण्णांच्या नावावर मात्र काट मारलेली होती.

‘ही कोणी मारली?’

‘मीच, ताई. त्यांनीच मारायला लावली. दरसाली म्हणायचे, लेकीचं नाव लिव. पद्धत न्हाय, म्हणायचो मी. त्या दिवशी तुमी गेल्यावर म्हणाले, मग माझंबी खोड.’


‘माझं चुकलं, अण्णा,’ मी त्या खोडलेल्या नावाकडे बघत मोठ्यानं म्हणाले.