शर्टांची अदलाबदल

कंपनीचा ब्लॉग साहेबांच्या नावानं निघायचा, पण लिहायची ती. दर आठवड्याला खेळातली एखादी परंपरा शोधायची आणि तिच्यातून धंद्याचा धडा काढायचा. साहेब नुसते आयत्या पिठावर रेघोट्या ओढायचे. वार्षिक समारंभात त्या ब्लॉगला बक्षीस मिळालं, तेव्हा त्यांनी भर मंचावरून तिच्याकडे बोट दाखवलं, "आणि ही आमची टायपिस्ट!" सगळे हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी तिनं टाळ्या वाजवल्या.

पुढचा लेख तिनं फुटबॉलवर लिहिला. सामना संपला की दोन्ही संघांतले खेळाडू घामानं भिजलेले शर्ट एकमेकांना देतात. धडा असा, की वरच्यानंही कधीतरी हाताखालच्याचा घाम अंगावर घ्यावा. 'म्हणूनच सोमवारपासून महिनाभर मी स्वतः तक्रार विभागात बसून तुमचे फोन घेणार आहे,' असा तिनं शेवट केला.

"साहेब, टाकण्याआधी एकदा नजर फिरवता का?"

"तुझं टायपिंग काय वाचायचं? दे टाकून!"

संध्याकाळपर्यंत लेख ग्राहकांच्या फोनवर पोचला. मालकांनी तर सगळ्या ऑफिससमोर साहेबांची पाठ थोपटली. आता माघार कुठली घेणार?

सोमवारी साहेब कानाला हेडफोन लावून मुकाट शिव्या खात बसले. ती चहाचा कप घेऊन मुद्दाम दोनदा त्यांच्या समोरून गेली.



पुढच्या लेखासाठी ती सध्या बॉक्सिंगवर वाचतेय.