गार कुठून ओतू?

मेकॅनिकने गिझरमधून वाटीभर क्षार काढले, नवी कॉइल बसवली आणि तो गेला. गावाहून राहायला आलेले माझे सासरे, तात्या, पाणी तापताच अंघोळीला गेले. आतून हाक आली, "सूनबाई, गरम काढून घेतलं. आता गार कुठून ओतू?"

गावी तात्यांनी चाळीस वर्षं तांब्याचा बंब सांभाळला. गरम काढणाऱ्याने तेवढंच गार ओतायचं, हा तिथला कायदा.

"तात्या, हा आपोआप भरतो," मी हसले.

"मग मागून येणाऱ्यासाठी आपण काहीच करायचं नाही?" त्यांचा चेहराच उतरला.

दुसऱ्या दिवशी मी अंघोळीला गेले, तर वाफाळत्या पाण्याची बादली भरून ठेवलेली. वर माझी कणकेची परात झाकलेली! आधी रागच आला, मग तात्यांचा कालचा प्रश्न आठवला.

अंघोळ उरकून मीही नवऱ्यासाठी बादली भरली आणि तीच परात झाकली.