न किडलेली ज्वारी

आईच्या तेराव्यानंतर रागिणी पुसेगावला माहेरी आली ती थेट वर्षश्राद्धालाच. पोटदुखीचं निमित्त होऊन आई गेली, तेव्हापासून रागिणीचा वहिनीवर विश्वास नव्हता; तिनेच काही खायला घातलं असावं, असा संशय होता. निघताना वहिनीने ज्वारीचं पोतं पुढे केलं, "तुमच्या वाट्याची हाय, ताई." ज्वारी गेल्या सालची, पण एक किडा नाही. दाण्यांवर पांढरी भुकटी मात्र होती.

रागिणी हिंगोलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिने चिमूटभर भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. चाळणीसारख्या गोल, जाळीदार चकत्या दिसल्या. कॉसिनोडिस्कस! समुद्रातलं नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. ते मेलं तरी त्याचं काचेसारखं कवच लाखो वर्षं टिकतं. या कवचांच्या भुकटीने ओरखडे पडून किडा मरतो, माणूस नाही.

तरी मनातली पाल चुकचुकतच होती. तिने फोन लावला. "वहिनी, ज्वारीला हे काहून लावलं?"

"म्या न्हाई लावलं, ताई. आत्याबाईंनीच, तुमच्या आईनं, मोंढ्यातल्या दुकानातून मागवलं आन् दुखतं पोट धरून सोताच्या हातानं चोळलं. म्हणल्या, मी गेल्यावर रागी वरीसभर इकडं फिरकायची न्हाई. ती येईस्तोवर दाणा टिकला पायजे."