दोन गाठींची पेंढी

"बाबा, ही पेंढी तुम्ही विसरलात की मुद्दाम ठेवलीत? खरं सांगा."

शेतात म्हाताऱ्या बापासमोर मुलाने विधवा शिंपिणीची वाट अडवली होती. तिच्या डोक्यावर गव्हाची पेंढी होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता. बांधावर उभी म्हाताऱ्याची मुलगी बापाच्या तोंडाकडे बघत होती.

म्हातारा हल्ली विसरायचा. दोनदा गॅस चालूच राहिला. एकदा तर घराचा रस्ता चुकला. मुलगा काल शहरातून आला तो ठरवूनच, "आता आणखी एकदा विसरलात, की शेत खंडाने द्यायचं आणि माझ्याकडे चौथ्या मजल्यावर राहायला यायचं." शेताशिवाय हा माणूस आठ दिवस तगला नसता. 'मुद्दाम ठेवली म्हणा ना,' मुलगी मनातल्या मनात विनवत होती. 'म्हणा की हो! तोंड का शिवलंय?'

पण शिंपिणीनेच पेंढी खाली ठेवली. "मुद्दाम ठेवली असेल तर मला नको, काका. विसरला असाल तरच नेईन."

गेल्याच शब्बाथला, शनिवारच्या प्रार्थनेत, तोरा या यहुदी धर्मग्रंथातला तो भाग वाचला होता. कापणीत शेतात पेंढी विसरली, तर ती आणायला मागे फिरू नये. ती परक्याची, पोरक्याची, विधवेची. ती कोणी देत नाही, म्हणून कोणापुढे हात पसरावा लागत नाही. मुद्दाम ठेवली तर मात्र ते दान. आणि दान ही बाई घेणार? नाव नको! नवरा गेल्यापासून पोरं अर्धपोटी निजत होती, पण तिने शेजारणीकडून मूठभर पीठ घेतलं नव्हतं.

म्हातारा पेंढीकडे बघत राहिला. मग मुलाकडे. शेवटी त्याने कपाळावर हात मारला.

"विसरलो रे! पार विसरलो."

शिंपिणीने पेंढी उचलली आणि ताठ मानेने निघून गेली. मुलाने सुस्कारा सोडला, खिशातून फोन काढला आणि खंडकऱ्याशी बोलत रस्त्याकडे गेला.

मुलीला रडू आवरेना. "बाबा, सगळ्या पेंढ्या एका गाठीच्या आहेत. फक्त त्या पेंढीला दोन गाठी होत्या. शिंपीण नेताना वाटेत सुटू नये म्हणून तुम्हीच..."

"गप गं," म्हातारा घाईघाईने म्हणाला. "मला आठवलं, तर ती पेंढी तिची राहायची नाही."