आणखी दोन पाणी

"पुन्हा गुठळ्याच!" रांजणगावच्या रंगाच्या कारखान्यात टाकीचं झाकण उघडून इंजिनिअर वैतागला. लोखंडाला गंज चढू न देणारा ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांचा, रंग बनवण्याचा हा तिसरा प्रयत्न फसला होता. चौथाही फसला, तर मालक काम बंद करणार होते.

तिथे सल्लागार म्हणून आलेल्या, ग्राफीनवर अठरा वर्षं संशोधन केलेल्या डॉ. कुमुद पाध्येंनी विद्यापीठाच्या जुन्या प्रयोगशाळेतल्या निवृत्त मदतनिसाला फोन लावला. "बाबाजीमामा, आपण ग्राफीनची पूड किती पाण्यांतून काढायचो?"

"वहीत पाच लिहिलंय, बाई. पण तुम्ही घरी गेलात की मी आणखी दोन पाण्यांतून काढायचो. रसायन राहून हाताला बुळबुळीत लागायची ना."

कुमुदताईंनी पूड सात वेळा धुवून घेतली. दुसऱ्या दिवशी पत्र्यावर रंग सायीसारखा पसरला. त्यांनी लगेच मामांना कळवलं.

"किती झाला, बाई?"

"चार पिंपं!"

"आपली पूड दिवसाकाठी चमचाभर व्हायची. तरी तुम्ही पेढे आणायचात."

मागे सगळे टाळ्या वाजवत होते. कुमुदताईंना मात्र प्रयोगशाळेच्या त्या ओल्या फरशीवर, मामांच्या शेजारी, पुन्हा एकदा जाऊन बसावंसं वाटलं.